मुदत संपलेले विमान-पॉइंट आणि ग्राहकाचा दावा

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळ जिल्ह्याच्या चर्चेत अनेक वर्षे राहिला तो विमानांमुळे नव्हे, तर विमाने येत नसल्यामुळे. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तोवर जिल्ह्यातील प्रवासी पुणे, हैदराबाद किंवा मुंबई गाठूनच विमानात बसत असे. टॉवेल व चादरीचे उत्पादक, वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणासाठी बाहेर गेलेली मुले, आणि परदेशी स्थिरावलेल्या मुलांकडे जाणारे त्यांचे आईवडील, असा हा प्रवासीवर्ग आहे व तो दिवसेंदिवस वाढत आहे.

विमानसेवा आली की तिच्याबरोबर तिचे व्यवहारही येतात. तिकिटाचे पैसे, रद्द झालेल्या फेरीचा परतावा, हरवलेले सामान, यांविषयी तक्रार करता येते हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु एक व्यवहार असा आहे की, त्याबद्दल तक्रार करता येते की नाही याविषयी सुशिक्षितांच्याही मनात संभ्रम असतो. हा व्यवहार म्हणजे नियमित प्रवाशांना कंपनीकडून मिळणारे पॉइंट अथवा माइल, आणि मुदत संपली म्हणून एके दिवशी खात्यातून नाहीसे होणारे तेच पॉइंट. ‘फुकट मिळालेली वस्तू गेली, तर तक्रार कसली?’ असा प्रश्न कंपनीचा प्रतिनिधी तर विचारतोच, पण घरातील माणसेही विचारतात. प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

पॉइंट म्हणजे नेमके काय?

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने मे १९८१ मध्ये आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना सुरू केली. जितके मैल प्रवास, तितके मैल खात्यावर जमा, आणि ठराविक मैल साठले की एक फेरी बिनभाड्याची, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले होते व कंपन्यांमध्ये चढाओढ सुरू झाली होती. प्रवासी आपल्याकडेच टिकावा, हा या योजनेचा हेतू होता. पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना १९९४ मध्ये आली. आरंभी अंतरावर मोजले जाणारे हे मैल पुढे अनेक कंपन्यांनी भरलेल्या भाड्यावर मोजण्यास सुरुवात केली, आणि ‘मैल’ हे नाव राहूनही त्याचा अंतराशी असलेला संबंध सुटला.

एस. टी. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास या ठिकाणी तुलनेसाठी उपयोगी पडेल. तो चार किंवा सात दिवसांचा असतो, पैसे आधी भरावे लागतात, आणि मुदत पासावरच लिहिलेली असते. आठव्या दिवशी पास चालला नाही म्हणून कोणी भांडत नाही, कारण काय विकत घेतले व किती दिवसांसाठी घेतले, हे दोन्ही बाजूंना पहिल्या क्षणापासून माहीत असते. विमानाच्या पॉइंटचे तसे नाही. येथे किंमत तिकिटात मिसळलेली असते. मुदतीचा उल्लेख अनेक पानांच्या अटींमध्ये कोठेतरी असतो, आणि त्या अटी स्वतःच्या इच्छेनुसार बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो.

बक्षीस की विक्री?

बहुतेक योजनांच्या अटींचा आशय असा असतो की, पॉइंट ही कंपनीची मालमत्ता आहे, त्यांना रोख मूल्य नाही, आणि ते केव्हाही काढून घेता येतील. परंतु हीच कंपनी आपला ताळेबंद तयार करते तेव्हा वेगळी भाषा बोलते, आणि तेथेच या विषयाचे मर्म आहे.

१ एप्रिल २०१८ पासून भारतातील मोठ्या कंपन्यांना लागू झालेले ‘इंड ए. एस. ११५’ हे लेखामानक या बाबतीत स्पष्ट आहे. तिकिटाबरोबर दिलेल्या पॉइंटमुळे ग्राहकाला एरवी न मिळणारा ठोस हक्क मिळत असेल, तर ती कंपनीची स्वतंत्र जबाबदारी ठरते, आणि भाड्याचा काही भाग त्या जबाबदारीपोटी बाजूला ठेवावा लागतो. समजा, १०,००० रुपये किमतीच्या तिकिटावर ५०० रुपये मूल्याचे पॉइंट मिळाले. दोन्हींच्या प्रमाणात वाटणी केली तर १०,००० रुपयांपैकी सुमारे ४७६ रुपये पॉइंटच्या वाट्याला येतात. विमान मुक्कामी पोहोचले तरी हे ४७६ रुपये उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत. पॉइंट वापरले गेले किंवा बाद झाले म्हणजेच ते उत्पन्नात येतात. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत, याचा अंदाज बांधून कंपनी त्याचाही हिशेब त्यात करते. प्रवाशाला ‘मूल्यहीन’ म्हणून सांगितलेली वस्तू हिशेबाच्या वहीत देणे म्हणून उभी असते, ती अशी.

याहून ठळक पुरावा २०२० साली मिळाला. साथीमुळे विमाने जमिनीवर आली तेव्हा अमेरिकेतील युनायटेड व डेल्टा या कंपन्यांनी आपल्या पॉइंट-योजनाच तारण ठेवून कर्जे उभारली. त्यांपैकी एकट्या डेल्टाने उभारलेली रक्कम ९ अब्ज डॉलरची होती. सावकार फुकटच्या वस्तूवर कर्ज देत नाही. बँका आपल्या क्रेडिट कार्डधारकांना देण्यासाठी विमान कंपन्यांकडून पॉइंट रोख पैसे मोजून विकत घेतात, ही गोष्टही येथे लक्षात घेतली पाहिजे.

यावरून प्रत्येक बाद पॉइंटचा दावा जिंकता येईल, असे मात्र समजू नये. पॉइंटला किंमत आहे एवढेच यातून सिद्ध होते. त्यांना मुदत घालणेच बेकायदा आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्या देशात तशी सरसकट बंदी घालणारा कायदा नाही.

मुदतीचा फटका कोणाला?

मुदतीचे प्रकार मुख्यतः दोन आढळतात. पहिल्या प्रकारात पॉइंट जमा झाल्यापासून ठराविक काळाने, पुष्कळदा ३६ महिन्यांनी, ते बाद होतात, मग खाते चालू असो वा नसो. दुसऱ्या प्रकारात खात्यावर ठराविक काळ काहीच हालचाल झाली नाही तरच ते जातात आणि एखाद्या लहानशा व्यवहाराने मुदत पुढे सरकते. डेल्टाने २०११ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये मुदतीची अटच काढून टाकली. मुदतीवाचून योजना चालूच शकत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे टिकण्यासारखा राहिलेला नाही.

तीन वर्षांची सरळ मुदत दर महिन्याला मुंबई-दिल्ली करणाऱ्या अधिकाऱ्याला जाचत नाही. ती जाचते बार्शीच्या किंवा सांगोल्याच्या एखाद्या निवृत्त शिक्षक दांपत्याला. मुलीच्या बाळंतपणासाठी ते अमेरिकेला जातात. एका फेरीत दोघांच्या खात्यांवर हजारो पॉइंट पडतात, परंतु एक बिनभाड्याची फेरी मिळण्याइतके ते नसतात. चार-पाच वर्षांनी दुसऱ्या नातवाच्या वेळी ते पुन्हा निघतात, तोवर पहिल्या फेरीचे पॉइंट संपलेले असतात. दुसऱ्या फेरीचे पॉइंटही त्याच वाटेने जातात. म्हणजे असा प्रवासी पॉइंटची किंमत भाड्यातून प्रत्येक वेळी भरतो आणि त्यांचा लाभ त्याला जवळजवळ कधीच मिळत नाही.

त्यातच सूचनेचा प्रश्न येतो. खाते बहुधा मुलाने किंवा तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने उघडलेले असते. ई-मेलचा पत्ता त्याचा, भ्रमणध्वनी क्रमांकही त्याचाच. मुदत संपत असल्याची सूचना कंपनीने पाठवलेली असेलही, पण ती सभासदाच्या हाती पडलेली नसते. आयोगापुढे कंपनी ‘सूचना दिली होती’ असे म्हणते, सभासद ‘मिळाली नाही’ असे म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असू शकतात. खाते उघडताना आपलाच पत्ता व क्रमांक द्यावा, ही साधी गोष्ट पुढे निर्णायक ठरते.

कंपनी बंद पडते तेव्हा

मुदत संपण्याआधीच कंपनी संपली तर? किंगफिशरची मुंबई-सोलापूर सेवा काही काळ चालून बंद पडली, हे सोलापूरकरांच्या स्मरणात असेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. त्या कंपनीच्या विमानांत वापरण्यासाठी साठवलेल्या पॉइंटना त्यानंतर काही अर्थ उरला नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा मात्र निराळे घडले. जेटची पॉइंट-योजना एका वेगळ्या कंपनीकडे होती व तिच्यात एतिहाद या परदेशी विमान कंपनीचा ५०.१ टक्के वाटा होता. ती योजना ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग करण्यात आले.

या तीन उदाहरणांत सभासदाने काही वेगळे केले नव्हते. फरक पडला तो योजना कोणाच्या नावावर होती यामुळे. दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली की कायद्याने स्थगिती लागू होते व कंपनीविरुद्धची प्रकरणे थांबतात. अशा वेळी सभासदाला नेमलेल्या व्यावसायिकाकडे विहित मुदतीत दावा नोंदवावा लागतो. तारणधारक बँका पुढे असताना पॉइंटधारकाच्या हाती काही लागण्याची आशा फारशी नसते, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

कायद्यातील आधार

ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा १९८६ चा. त्याच्या मागे जी चळवळ होती, तिच्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचा वाटा मोठा आहे. त्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. पॉइंटच्या वादात त्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

‘सेवा’ या संज्ञेतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे, आणि कंपनीचा पहिला बचाव नेमका येथेच असतो. त्याला उत्तर असे की, पॉइंट हे मोबदला घेऊन दिलेल्या विमानसेवेचेच अंग आहे. वर सांगितलेले लेखामानक या उत्तराला बळ देते. दुसरी तरतूद ‘सेवेतील त्रुटी’ची. ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुतः दडवून ठेवणे हीदेखील २०१९ च्या कायद्यानुसार त्रुटी आहे. मुदत कमी केली आणि सभासदाला कळवले नाही, किंवा खात्याच्या पानावर एक तारीख दाखवून प्रत्यक्षात दुसरी लावली, तर या तरतुदीचा आधार घेता येतो.

तिसरी तरतूद ‘अनुचित करारा’ची असून ती २०१९ च्या कायद्याने नव्याने आणली. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट, ग्राहकाच्या संमतीवाचून त्याचे नुकसान होईल अशा रीतीने करार दुसऱ्याच्या हवाली करू देणारी अट, ग्राहकाला प्रतिकूल स्थितीत ढकलणारी अवाजवी अट, या सर्व त्या व्याख्येत येतात. पॉइंट-योजनांच्या कित्येक अटी या वर्णनाशी चांगल्याच जुळतात. मात्र येथे एक मेख आहे. करारातील अट अनुचित म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला व राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून ‘ही अटच रद्द करा’ अशी मागणी घेऊन सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे गेलेला तक्रारदार चुकीच्या दारात उभा असतो. ‘कंपनीने आपलीच अट पाळली नाही, सूचना दिली नाही, माहिती दडवली, म्हणून पॉइंट परत द्या’ अशी मागणी असेल, तर जिल्हा आयोगाचे दार योग्य. वकिलाकडे जाण्यापूर्वी एवढा विचार तक्रारदाराने स्वतः करावा.

टॉवेल उत्पादकाच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखानदार माल दाखवण्यासाठी परदेशी जातो. तिकिटाचे पैसे पेढीच्या खात्यातून जातात, पॉइंट मात्र त्याच्या वैयक्तिक नावावर पडतात. व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा हा कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ नसतो. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या न्यासाच्या प्रकरणात असे म्हटले की, व्यवहाराचा प्रमुख हेतू नफा कमावण्याच्या कामाशी निगडित होता की नाही, हे प्रत्येक प्रकरणात तपासले पाहिजे. न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिका व्यापारी प्रयोजनात मोडत नाहीत, असा निर्णय झाला. कारखानदाराचा दावा यावर तरेल की नाही, हे तिकिटे कशासाठी व कोणाच्या पैशाने काढली यावर अवलंबून राहील. कुटुंबाच्या सहलीची तिकिटे व पेढीची तिकिटे एकाच खात्यावर जमा होत असतील, तर गुंता अधिकच वाढतो.

टाळेबंदीच्या काळातील एक आदेश

पॉइंटविषयी नसला तरी या विषयाला सर्वांत जवळचा असा सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश आहे. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशांतर्गत प्रवासी विमाने बंद होती. रद्द तिकिटांचे पैसे परत न करता कंपन्यांनी ते ‘क्रेडिट शेल’ म्हणजे पुढील प्रवासासाठी जमा रक्कम म्हणून राखून ठेवले व तिला मुदत लावली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार, आर्थिक अडचणीतील कंपन्यांना ही जमा रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत ठेवण्याची मुभा मिळाली. मात्र तिच्यात दरमहा प्रथम अर्धा टक्का व १ जुलै २०२० पासून पाऊण टक्का वाढ द्यावयाची होती, आणि मुदत संपताना जी रक्कम वापरली गेली नसेल, ती प्रवाशाला परत करावयाची होती.

मुदत संपली म्हणून मूल्य कंपनीच्या खिशात गेले नाही, ते प्रवाशाकडे परत आले. बँकेतील दावा न केलेल्या ठेवींचे धोरणही असेच आहे. दहा वर्षे हालचाल नसलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेनुसार वेगळ्या निधीत जाते, पण ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क बुडत नाही. पॉइंटच्या बाबतीत मात्र मुदत आणि हक्क एकाच दिवशी संपतात. तिकिटाचे क्रेडिट हे थेट भरलेले पैसे होते, पॉइंट हे त्या पैशांच्या पोटातील लाभ आहेत, असा फरक कंपनीचा वकील दाखवील, व तो अगदीच निराधार नाही. पण तो फरक किती मोठा मानावयाचा, हेच तर वादाचे मूळ आहे.

इतर देशांतील अनुभव

अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आपल्या योजनेत बदल केले. बिनभाड्याच्या जागांवर मर्यादा आणल्या, काही तारखा वगळल्या, आणि हे नियम आधीच साठलेल्या मैलांनाही लावले. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९५ मध्ये न्यायालयाने राज्याच्या ग्राहक कायद्याखालील दावा नाकारला, पण कंपनीने स्वतः दिलेले वचन मोडल्याचा, म्हणजे करारभंगाचा दावा चालू शकेल असे ठरवले. २०१४ मध्ये नॉर्थवेस्ट कंपनीच्या प्रकरणात मात्र सभासद हरला. वारंवार तक्रारी करतो म्हणून कंपनीने त्याचे सभासदत्व काढून घेतले होते. कंपनीने सद्भावनेने वागले पाहिजे, या सर्वसाधारण तत्त्वाचा आधार त्या योजनेच्या बाबतीत घेता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. लिखित अटींनी कंपनीला दिलेला मोकळा हात न्यायालयाने मान्य केला, असा याचा व्यवहारातील अर्थ.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने दुसरा मार्ग धरला. तेथे ‘एअर माइल्स’ या मोठ्या योजनेने पाच वर्षांवरील पॉइंट २०१६ च्या अखेरीस बाद करण्याचे ठरवले होते. लोक संतापले. पॉइंट खर्च करण्यासाठी एकच गर्दी झाली. अखेर १ डिसेंबर २०१६ रोजी योजनेने तो निर्णय मागे घेतला, आणि त्याच महिन्यात प्रांताच्या विधिमंडळाने केवळ काळ लोटला एवढ्याच कारणाने पॉइंट बाद करण्यास बंदी करणारा कायदा केला. म्हणजे न्यायालयात एकेकट्याने झगडून जे मिळणे दुरापास्त, ते कायद्याच्या एका वाक्याने मिळाले. भारतात असा कायदा व्हावा की नाही, याचा विचार ग्राहक संघटनांनी करण्यासारखा आहे.

सोलापुरातून तक्रार कशी करावी?

कंपनीच्या अटींत पुष्कळदा असे कलम असते की, वाद निर्माण झाल्यास तो दिल्लीच्याच किंवा मुंबईच्याच न्यायालयात चालेल. ते वाचून अनेकजण हातपाय गाळतात. वास्तविक २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेचे काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनच्या प्रकरणात, २०१९ चा कायदा होण्याच्या आधीच, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये असे स्पष्ट केले होते की, वादाचे कारण अंशतः हैदराबादेत घडले असल्याने दिल्लीच्या न्यायालयांचे कलम दाखवून तेथील स्थायी लोकअदालतीचा अधिकार नाकारता येत नाही. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सांगितले आहे. पंढरपूर, करमाळा किंवा मंगळवेढा येथील रहिवाशाला म्हणून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापलीकडे जाण्याचे कारण नाही.

त्याआधी कंपनीला लेखी कळवावे. दूरध्वनीवरील बोलणे पुराव्यास फारसे उपयोगी पडत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर तक्रार नोंदवता येते. अनेक प्रकरणे येथेच मिटतात, कारण चार-पाच हजार पॉइंट पूर्ववत करण्यास कंपनीला फारसा खर्च येत नाही आणि वाद वाढवण्यात तिचे हित नसते. तेवढ्याने काम झाले नाही तर आयोगाकडे जावे. तक्रार ‘ई-जागृती’ या संगणकीय प्रणालीवरून घरबसल्या दाखल होते. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात. येथे मोजावयाचा तो प्रत्यक्ष दिलेला मोबदला, मागितलेली भरपाई नव्हे. तडजोडीची शक्यता दिसल्यास उभय पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे जाऊ शकते. ज्या वादात वस्तूची तपासणी लागत नाही, तो विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालात काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो.

मागणी करताना रोख रकमेपेक्षा पॉइंट पूर्ववत करण्याचा व ते वापरण्यासाठी वाजवी काळ देण्याचा आग्रह धरणे अधिक व्यवहार्य ठरते. रोख मूल्य ठरवण्यावरून नवाच वाद उभा राहतो. कागदपत्रांत तिकिटांच्या प्रती, भाड्याच्या पावत्या, सभासदत्व घेतले त्या वेळच्या अटी, खात्याच्या पानाची दिनांकासह छायाप्रत, आणि पॉइंट बाद होण्यापूर्वीची व नंतरची शिल्लक असावी. अटी बदलत असतात आणि जुन्या अटी कंपनीच्या संकेतस्थळावरून नाहीशा होतात. त्यामुळे सभासद होतानाच त्यांची एक छापील प्रत काढून तिकिटांबरोबर ठेवलेली बरी. गावातील शिक्षकाने किंवा ग्रामपंचायतीच्या संगणक चालकाने परदेशी निघालेल्या वडीलधाऱ्यांना एवढी मदत केली, तर पुढचे बरेच काम सोपे होते.

तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्याने ही मुदत वाढत नाही. ३१ डिसेंबर २०२५ रोजी पॉइंट बाद झाले असतील आणि कंपनीने जून २०२६ मध्ये पत्राने नकार दिला असेल, तर दिवस नकाराच्या पत्रापासून मोजावेत की पॉइंट गेले त्या तारखेपासून, यावर आयोगापुढे वाद होऊ शकतो. तो टाळण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ हीच तारीख धरावी आणि तक्रार डिसेंबर २०२७ संपण्याच्या आत दाखल करावी.